मूल, उभे, सात वर्षे

१

कोठीताईचा दिवस हरवलेल्यांच्या यादीनं सुरू व्हायचा. खुर्चीवर बसायचं, कॉम्प्युटर चालू करायचा, पाण्याची बाटली डाव्या हाताला ठेवायची आणि रात्रीतून कोणत्या फायली बेपत्ता झाल्या ते बघायचं. काम इमारतींचे आराखडे करण्याचं. दार, खिडकी, नळ, बाक, असं जे जे म्हणून इमारतीत लागतं ते एकदाच नीट काढून एका फाइलीत ठेवायचं, आणि मग ज्याला हवं त्यानं तिथून उचलून आपल्या मॉडेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर उभ्या केलेल्या इमारतीत, हवं तितक्या वेळा मांडायचं. त्या फायलींच्या साठ्याला ऑफिसात सगळे कोठी म्हणत आणि ती सांभाळणारी म्हणून ही कोठीताई. कुणी एखादी फाइल इकडची तिकडे केली, की मॉडेलला ती सापडेनाशी होई आणि दाराच्या जागी नुसता काळा ठिपका उरे. असे ठिपके शोधून ज्याचं त्याला परत देणं, हेच तिचं बारा वर्षांचं काम. ते तिला मनापासून आवडायचं, कारण ठिपक्याच्या जागी पुन्हा दार दिसलं की तिला सकाळी सकाळी पुण्य लागल्यासारखं वाटे.

साहेबांचा एक नियम होता. इंटरनेटवरून आयतं काही घ्यायचं नाही. आयत्या फायली फुगलेल्या असतात, आत काय काय भरलेलं असतं देव जाणे, असं ते म्हणत. प्रत्येक वस्तू टेपनं मोजायची आणि मगच काढायची. त्यामुळे कोठीतलं दाराचं हँडल हे ऑफिसच्याच संडासाच्या दाराचं होतं आणि बाक खालच्या दवाखान्यातला. शाळेचं काम आलं तेव्हा बेसिनची उंची मुलांना पुरते का हे दाखवायला एक मूल हवं होतं. कोठीताईनं आपलं घरचंच मूल मोजलं.

तिच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी दोन मिनिटं उभी राहील तर शपथ. तिला भिंतीला टेकवून, दम देऊन, लाडीगोडी लावून एकेचाळीस मापं घेतली तेव्हा कोठीताईच्या नाकीनऊ आले. मग त्या मापांवरून तिनं एक आकृती केली. आतून पोकळ, वरून नुसतं कवच. हात खाली सोडलेले, चेहऱ्याच्या जागी फक्त गुळगुळीत उतार, कारण डोळे-नाक काढून उगाच फाइल जड कशाला करा. नाव दिलं, ‘मूल, उभे, सात वर्षे’. वजन तीनशे चाळीस केबी. म्हणजे काहीच नाही.

त्या मंगळवारी तिनं कोठीतल्या फायली वजनाप्रमाणे लावल्या, आणि ते मूल यादीत सगळ्यात वर आलं. दोन एमबी.

२

फाइल फुगण्याची कारणं ती बोटांवर मोजू शकत असे. कुणीतरी आत फोटो चिकटवलेला असतो, नाहीतर जुनी आवृत्ती पुसायची राहिलेली असते, नाहीतर कुठल्यातरी उत्साही माणसानं अंगरख्याला बटणं काढलेली असतात. तिनं फाइल उघडली. बाहेरून तसूभर फरक नव्हता. तेच गुळगुळीत तोंड, तेच खाली सोडलेले हात.

शाळेचं मॉडेल लांब्याकडे होतं. लांब्या म्हणजे तिच्याच वयाचा, दाराच्या चौकटीतून वाकून येणारा ड्राफ्ट्समन. त्यानं शाळाभर मिळून त्रेचाळीस ठिकाणी ते मूल मांडलं होतं. तिनं त्याला विचारलं तर त्यानं हात जोडले. मी तुझ्या कोठीतून फक्त उचलतो बाई, त्यात काही ठेवायची माझी टाप नाही, असं म्हणाला. तिनं नोंदवही तपासली. नोंदवही म्हणजे फाइल कुणी कधी उघडली याची कॉम्प्युटरनं ठेवलेली यादी. त्यात गेल्या दोन महिन्यांत तिच्याशिवाय कुणाचंही नाव नव्हतं.

मग तिनं नेहमीचा उपाय केला. जुन्या साठवणीतली मूळ फाइल काढली, नव्या फाइलीच्या जागी घातली. तीनशे चाळीस केबी. विषय संपला.

बुधवारी सकाळी ती चार एमबी होती. पुन्हा जुनी घालायला गेली, तर साठवणीतलीही चार एमबीच निघाली. कोठीताई रागावली. आपण राखलेल्या घरात कुणीतरी चपला घालून फिरतंय असं तिला वाटलं, आणि राग होता तोवर भीतीला जागा नव्हती.

३

तिचा नवरा औषधाच्या दुकानात काउंटर सांभाळायचा. दुकानाच्या दाराशी वजनाचा काटा होता आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी भिंगरीला त्याच्यावर चढवायचं, हा बापलेकीचा आवडता कार्यक्रम. भिंगरी त्यावर उड्या मारायची आणि काट्याचे आकडे नाचवायची. त्या शनिवारी मात्र ती चढली आणि गप्प उभी राहिली. मागच्या महिन्यात साडेएकवीस किलो भरली होती. आता अठरा.

नवऱ्याला काटाच बिघडला वाटला. तो स्वतः चढला, मग गिऱ्हाइकाला चढवलं. काटा बरोबर होता. त्यानं घरी येऊन बायकोला बाजूला घेऊन सांगितलं. दोघांनी भिंगरीचे कपडे घालून पाहिले, सगळे होते तसेच अंगाबरोबर बसत होते. गाल तसेच, दंड तसेच. मग साडेतीन किलो गेले कुठे? डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त घेतलं, सगळं छान आहे म्हणाल्या. भूक तर अशी, की ताट चाटूनपुसून साफ.

“हल्ली बोलत नाही गं ती,” नवरा म्हणाला. “दुकानात आली की डोकं उठवायची माझं. आज मीच विचारतोय आणि ती नुसती मान हलवतेय.”

कोठीताईच्याही ते लक्षात आलं होतं. शाळेत तिची जागा बदलली असेल, मैत्रिणीशी भांडण झालं असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. आईला समजूत घालायला कारणं लागतात, आणि ती शोधली की सापडतातच.

४

रविवारी सकाळी ती भिंगरीला न्हाऊ घालत होती. एरवी न्हाणीघर डोक्यावर घेणारी पोर आज साबण डोळ्यात गेला तरी हूं की चूं करत नव्हती. डावा हात वर करून काख धुताना कोठीताई थबकली. भिंगरीच्या डाव्या काखेत मसुरीएवढा तीळ होता. जन्मल्या दिवशी सुईणीनं तो दाखवला होता. तो आता नव्हता.

तिनं घासून पाहिलं. मग उजवी काख पाहिली, आपलाच घोटाळा झाला असेल म्हणून. मग तळपाय उचलून पाहिला. मुलीचा तळवा एरवी केवढा खरबरीत, अनवाणी हुंदडून भेगाळलेला. तो आता वाटीच्या बुडासारखा साफ होता. टाचेवर काच लागल्याचा व्रण होता, तोही गेला होता. गुडघ्यांवरची खरचटणी, कोपरावरच्या सुरकुत्या, हातावरच्या रेषा, एकेक करून तिनं सगळं शोधलं. पोरगी पाण्यात बसून तिच्याकडे बघत होती. कोठीताईला काय आठवलं ते तिनं स्वतःशीसुद्धा उच्चारलं नाही. टॉवेलात गुंडाळून तिनं मुलीला उचललं, आणि ती इतकी हलकी लागली की कोठीताईचा तोल मागे गेला.

५

सोमवारी फाइल तीस एमबी होती. कोठीताईनं ऑफिसात कुणी यायच्या आधी ती उघडली. बाहेरून काही कळत नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं वरचं कवच लपवायची आज्ञा दिली. पोकळ आकृतीचं कवच लपवलं की मागे काहीच उरायला नको.

मागे दात होते.

हवेत तरंगणारी छोट्या दातांची ओळ, आणि त्यांच्या वर आणि खाली, हिरडी जिथे असती तिथे, अजून न उगवलेले मोठे दात वाट बघत बसलेले. भिंगरीचा पुढचा एक दात पडला होता. इथेही तिथे फट होती. तिनं हळूहळू आकृती फिरवली. दातांच्या मागे आणखी बरंच काही होतं, आणि ते काय आहे ते तिनं पाहिलं नाही. तिनं फक्त डावी काख शोधली. तिथे मसुरीएवढा एक ठिपका होता. एकेचाळीस मापांत काखेतला तीळ नव्हता.

तिची बुद्धी अजून भांडत होती. कुणीतरी चेष्टा करतंय. नवऱ्यानं लांब्याला तिळाचं सांगितलं असेल. पण नवऱ्यानं लांब्याला उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. आणि न उगवलेले दात कुणी कुणाला सांगू शकत नाही.

दुपारी लांब्याचं मॉडेल कोलमडलं. पुन्हा उघडलं, पुन्हा कोलमडलं. तो वैतागून तिच्या टेबलाशी आला. “ताई, तुझं ते पोर माझ्या शाळेच्या उरावर बसलंय. काढून टाक की.” त्याच्या मागोमाग साहेब आले. फुगलेली फाइल कोठीत राहते म्हणजे काय, असं त्यांनी शांतपणे विचारलं आणि दोन दिवसांत ती पुसून नवी करायला सांगितली. कोठीताई हो म्हणाली. त्या फाइलीत जे गेलं होतं ते भिंगरीचं होतं, आणि फाइल पुसली की ते कुठून परत आणणार?

घरी गेली तेव्हा भिंगरी दिवाणखान्याच्या मधोमध उभी होती. हात खाली सोडलेले. शाळेतून आल्यापासून तिथेच आहे, नवरा हलक्या आवाजात म्हणाला. शाळेतून आणताना त्यानं तिला दुकानातल्या काट्यावर ठेवलं होतं. अकरा किलो. त्याचे डोळे लाल झाले होते. कोठीताई मुलीपुढे गुडघे टेकून बसली. भिंगरीच्या भुवयांचे केस विरळ झाले होते, नाकाची धार बुजत चालली होती.

“आई,” भिंगरी किती दिवसांनी बोलली, “तिथे खाली जमीनच नाहीये.”

“कुठे गं? कुठे बाळा?”



६

ऑफिसात नवीन माणूस आला की कोठीताई त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची. कोठीत असतं ते मूळ. मॉडेलमध्ये मांडलेली ती प्रत. मुळात बदल केला आणि ‘ताजे करा’ हे बटण दाबलं, की सगळ्या प्रती मुळासारख्या होतात. कशाचं कशावर जाणार याचा गोंधळ जो तो एकदा तरी करतोच, म्हणून ती ते वहीत लिहून घ्यायला लावी.

मंगळवारी सकाळी बसमध्ये तिला ते स्वतःचंच वाक्य आठवलं आणि ती एक स्टॉप आधी उतरून चालत सुटली. मूळ कोठीत. प्रत बाहेर. दिवाणखान्यात हात सोडून उभी आहे ती. मुळाचं सगळं प्रतीवर पाठवता येतं. वेड्यासारखा विचार होता, पण शहाणा विचार एकही उरला नव्हता.

तिनं लांब्याचं मॉडेल उघडलं. कोलमडलं. पुन्हा उघडलं. फाइल आता चौसष्ट एमबी झाली होती. तिनं बटण दाबलं. पडद्यावरची निळी पट्टी इतकी सावकाश सरकत होती की ती दोनदा श्वास सोडायला विसरली. मग चौकट आली: ‘चव्वेचाळीस प्रती ताज्या केल्या.’

लांब्यानं त्रेचाळीसच मांडल्या होत्या.

पाचच मिनिटांत फोन वाजला. नवऱ्याच्या आवाजामागे इतका गलका होता की त्याचं बोलणं ऐकू येईना. “अगं ती ओरडतेय, उड्या मारतेय, दूध सांडलंय सगळं. तू ये. तू आत्ता ये.” कोठीताई तशीच निघाली. दारातच भिंगरीनं येऊन तिच्यावर उडी घातली, आणि साडेएकवीस किलोंनी तिची कंबर लचकली. तिनं तिथेच, बाहेरच्या पायरीवर, मुलीचा डावा हात वर करून पाहिलं. तीळ होता. टाचेवर व्रण होता. ती भिंगरीला मिठी मारून मोठ्यानं रडली. शेजारणीनं दार उघडून पाहिलं, त्याचीही तिला पर्वा वाटली नाही. इतकं सुख तिला भिंगरी जन्मली त्या दिवशीही झालं नव्हतं.

७

बुधवारी ती गाणं गुणगुणत ऑफिसात आली. लांब्यानं तोवर आपल्या शाळेतली सगळी त्रेचाळीस मुलं काढून टाकली होती आणि मॉडेल भुर्रकन उघडत होतं. आता मूळ फाइल पुसली की झालं. साहेबांनी जाता जाता विचारलं, काढलीस? तिनं आता काढते म्हणून सांगितलं.

फाइल चौसष्ट एमबीच होती. हे तिला ठाऊक असायला हवं होतं. बारा वर्षं ठाऊक होतं. प्रत काढल्यानं मूळ रिकामं होत नाही. एका दाराची शंभर दारं केली तरी कोठीतलं दार तिथेच राहतं.

नुसतं पुसायचं होतं, उघडायची काही गरज नव्हती. तिनं उघडली.

आकृती उभी नव्हती. ती खाली बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हातांनी ते घट्ट धरून. विजा कडाडल्या की भिंगरी पलंगाच्या कोपऱ्यात बसते तशी. कोठीताईनं मूल फिरवलं. पाठ आली, मग कान आला, कानामागची न्हाताना नेहमी राहून जाणारी जागा आली, आणि मग जिथे तिनं गुळगुळीत उतार ठेवला होता तिथे चेहरा आला. गालांवर ओघळ होते. त्याच्याभोवती सगळीकडे तो करडा रिकामेपणा, जो कोठीतल्या प्रत्येक वस्तूभोवती असतो, कारण कोठीतली वस्तू कुठेच ठेवलेली नसते. खाली जमीन नव्हती.

बाजूला सॉफ्टवेअरनं त्याच्या पद्धतीनं विचारलं होतं: ‘हा घटक कुठेही वापरलेला नाही. पुसायचा का?’

ही प्रत आहे, कोठीताई मनाशी म्हणाली. खरी बाहेर आहे, आत्ता शाळेत डबा सांडत असेल. पण मूळ कोणतं आणि प्रत कोणती हे इतरांना शिकवणारी तीच होती, आणि स्वतःला फसवणं तिला कधी जमलं नव्हतं. तिनं ‘नाही’वर क्लिक केलं. फाइल आपल्या मशीनवर एका वेगळ्या जागी हलवली आणि साहेबांना पुसली म्हणून कळवलं. बारा वर्षांतलं पहिलं खोटं. दिवसभर तिनं ती फाइल उघडी ठेवली, आणि काम करता करता मधूनच वळून पडद्याशी काहीबाही बोलत राहिली. पडद्यावरचं मूल हललं नाही. ते ऐकतंय की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

८

गुरुवारी दुपारी तिनं टेप काढला आणि लांब्याला मापं घ्यायला उभं केलं. कसली मापं, त्यानं विचारलं.

“माझी. कोठीत बाई नाहीये एकही.”

“शाळेत बाई कशाला लागतेय आता?”

“मुलांना सोडायला कुणी मोठं नको का?” ती म्हणाली. लांब्या हसला. पटण्यासारखंच होतं.

त्यानं खांदे, दंड, मनगट मोजले. बाकीची मापं तिनं स्वच्छतागृहाची कडी लावून स्वतः घेतली. एकेचाळिसांवर ती थांबली नाही, काही राहू द्यायचं नव्हतं. संध्याकाळपर्यंत आकृती झाली. पोकळ, गुळगुळीत, हात खाली. ‘बाई, उभी’. चारशे दहा केबी. त्या मुलाच्या फाइलीशेजारी, त्याच जागी, तिनं ती ठेवली. घरी भिंगरीनं तिच्या मांडीवर डोकं ठेवून शाळेतल्या तेरा भानगडी सांगितल्या. कोठीताईनं त्या सगळ्या ऐकल्या आणि तिच्या केसांत हात फिरवत राहिली. हे किती दिवस पुरेल याचा हिशेब तिला येत होता, पण तिनं तो केला नाही. आणि आपल्याला ‘ताजे’ करून परत आणायला त्या बटणामागचं जाणणारं दुसरं कुणी नाही, हेही तिला ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी ‘बाई, उभी’ अडीच एमबी होती.

तिनं मुलाची फाइल उघडली. मूल बसलेलं नव्हतं. ते उभं राहिलं होतं, मान एका बाजूला वळवून, शाळा सुटल्यावर मुलं फाटकाकडे बघत उभी राहतात तसं. त्याला कुणाची तरी चाहूल लागली होती.

कोठीताईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात फोन वाजला. भिंगरी होती. शाळेला उशीर झाला होता, वेणी कुणी घातली नव्हती, बाबांना येत नाही, तू इतक्या लवकर का गेलीस, कधी येणार, असा तिनं एका दमात भडिमार केला. कोठीताईचे डोळे पडद्यावर होते.

“आलेच गं बाळा,” ती म्हणाली. आणि कोणत्या भिंगरीला म्हणाली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.